वेशीवरची पाटी आणि ब्योमबुवांची गाडी

ज्यांच्या घरी नित्यपूजा आहे त्यांना निर्माल्याचा स्वभाव ठाऊक असतो. रोजची चार फुले, दोन तुळशीपत्रे, एखादी दुर्वांची जुडी. वाटते, एवढ्याशाने काय होणार? आणि आठवडा सरता सरता टोपली काठोकाठ भरते. फेकवत नाही आणि ठेवायला जागा नाही. आमच्या भजनी मंडळाच्या किश्श्यांचे नेमके तसेच झाले आहे. गेल्या खेपेला मी जर्मनीत जेमतेम तीन महिने होतो, पण तेवढ्यात तिथल्या शहराने आपली वेस पुढे सरकवली आणि आमची टोपली वाहू लागली. निर्माल्य पायदळी जाऊ देऊ नये, म्हणून आज ती आपल्यापुढे रिकामी करतो.

आधी माणसे सांगतो. माझे चिरंजीव शिरीष एर्लेनवाइलर नावाच्या छोट्या गावात राहतात. गाव आणि शहर यांच्यामध्ये एक ओढा आहे आणि ओढ्यावर पूल. पूल ओलांडून उताराने सहाशे पावले गेले की चर्चचे एक सभागृह लागते. तिथे महिन्यातून दोनदा आमचे भजन असते. एकादशीला नव्हे; एकादशीच्या जवळच्या शनिवारी. त्या देशात देवालाही आठवडाभर सवड मिळत नाही. मंडळातले बहुतेक जण पुण्याकडचे इंजिनिअर. शिरीष तर मोटारींचा धूर गाळणारी यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत आहे. मी खानदेशातल्या एका शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालो. दरवर्षी सौभाग्यवतींबरोबर व्हिसाच्या नव्वद दिवसांपुरता तिकडे जातो आणि ते नव्वद दिवस मंडळ मला बुवा समजते.

खरे बुवा मात्र शेजारचे हेर, म्हणजे श्रीयुत, ब्योम. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, विधुर, आयुष्यभर सुतारकाम केलेले. त्यांच्याकडे एक जुनी डिझेलची उंच गाडी आहे, रंगाने सायीसारखी. एकदा त्यांनी शिरीषला पखवाज पोटाशी धरून बससाठी उभे राहिलेले पाहिले आणि गाडी थांबवली. तेव्हापासून आमची पेटी, पखवाज, समया, खिचडीची पातेली, सारे त्यांच्या गाडीतून. भजनात मागे बसून टाळ धरता धरता त्यांना ताल कळला. 'ब्योमबुवा' ही पदवी मंडळाने एकमताने दिली. ते मला 'हेर आबा' म्हणतात.

आमच्या विठ्ठल-रखुमाईसाठी देव्हाराही त्यांनीच केला. काम सुरू करण्यापूर्वी त्यांनी विचारले, "तुमचा देव किती उंच?"

मी म्हणालो, "दीड वीत."

"मग देव्हारा पुरुषभर उंचीचा कशाला?"

"देवासाठी नाही. वाकणाऱ्यांसाठी."

ब्योमबुवांनी क्षणभर विचार केला आणि मापे आणखी चार बोटे वाढवली. तो देव्हारा फक्त त्यांच्याच गाडीत उभा मावतो. हे लक्षात ठेवावे. पुढचे सारे रामायण त्यावरच आहे.

* * *

ऑगस्टच्या शेवटी मी पोचलो तेव्हा पुलाच्या पलीकडच्या टोकाला एक नवा खांब रोवलेला होता. वरच्या पाटीला काळे प्लास्टिक गुंडाळून दोरी बांधलेली. सकाळी फिरायला जाताना मी ते पाहिले. आपल्याकडे प्राणप्रतिष्ठेपूर्वी मूर्तीचे मुख झाकून ठेवतात. मी जोडे काढले नाहीत, पण हात जोडले. रोज जोडले. समोरून कुत्रे फिरवणाऱ्या एक आजीबाई यायच्या. चौथ्या दिवशी त्याही खांबाजवळ थबकून मान लववू लागल्या.

दोन आठवड्यांनी प्लास्टिक निघाले. आत लाल कडीचे वर्तुळ होते आणि 'उमवेल्टझोन' ही अक्षरे. माझी नात इरा सोळा वर्षांची आहे. तिला मराठी सारे कळते, पण उत्तर जर्मनमध्येच येते. तिने समजावले ते असे: या पाटीच्या आत फक्त कमी धूर सोडणाऱ्या गाड्यांना प्रवेश. काचेवर हिरवे गोल प्लाकेट चिकटवलेले असेल तरच पुढे जायचे. पूर्वी ही हद्द शहराच्या पोटात होती. आता ती वाढवून थेट आपल्या पुलापर्यंत आणली आहे.

"म्हणजे हवा स्वच्छ होणार?" मी विचारले.

"गेनाऊ," इरा म्हणाली. म्हणजे अगदी बरोबर.

मग नमस्कार वाया गेला नाही, असे मी मनाशी म्हटले. आमच्या सौभाग्यवतींना दम्याचा त्रास आहे. स्वच्छ हवेचे मोल मला कुणी शिकवायला नको.

तेवढ्यात शेजारच्या अंगणात ब्योमबुवा आपल्या सायीच्या रंगाच्या गाडीची काच पुसताना दिसले. काचेवर काहीच चिकटवलेले नव्हते. इतक्या जुन्या गाडीला हिरवे प्लाकेट मिळत नाही.

"आता बुवांचं कसं?" मी विचारले.

इराने पुलाकडे बोट केले. गाडी तिथपर्यंतच.

* * *

वेस हलली की वेशीबाहेरच्यांचे काय होते, ते पहिल्याच सोमवारी कळले. पलीकडच्या डोंगराळ गावांतून जुन्या गाड्या घेऊन शहरात कामाला जाणारी माणसे आता पुलाशी अडू लागली. बिचारी करणार काय? गाडी आमच्या गावात उभी करायची आणि बसने पुढे जायचे. आठवड्याभरात एर्लेनवाइलरच्या गल्ल्या देवळाबाहेरच्या चपलांसारख्या दिसू लागल्या. कुणाच्या फाटकापुढे, कुणाच्या गोठ्यापुढे. लोकांनी कुंड्या ठेवून पाहिल्या, खुर्च्या मांडून पाहिल्या. खुर्च्या उचलून बाजूला ठेवल्या जात, तेही नीट ओळीने.

फक्त आमच्या फाटकापुढची जागा रोज मोकळी राही. शिरीषला याचे कोडे पडले. म्हणाला, "आबा, तुम्ही लोकांना काही बोलता का?"

मी कुणालाच काही बोलत नव्हतो. सौभाग्यवती मात्र पहाटे उठून फाटकापुढे सडा टाकून रांगोळी काढीत. चांगली हातभर लांबीची, ठिपक्यांची, चारही कोपऱ्यांत गोपद्म. येणारे लोक गाडी हळू करीत, काचेतून वाकून पाहत आणि पुढे जात. त्यांची समजूत अशी की ही नगरपालिकेची काहीतरी नवी खूण असणार. इतक्या नेमकेपणाने ठिपके कोणी उगाच का देईल?

तिसऱ्या दिवशी समोरच्या बाई आल्या. "आमच्याकडेही काढाल?" मग त्यांच्या शेजारच्या आल्या. सौभाग्यवतींचे गुडघे दुखू लागले, तेव्हा त्यांनी अंगणात वर्ग भरवला. सात जर्मन बाया उकिडव्या बसून ठिपके मोजताहेत आणि आमच्या सौभाग्यवती मराठीत ओरडताहेत, "अगं, चिमटीत धर, मूठभर नको!"

शेवटी गावच्या कचेरीतून एक गृहस्थ आले. रस्त्यावर परस्पर खुणा काढणे नियमात बसत नाही, असे त्यांनी फार सभ्यपणे सांगितले. बाहेर जाऊन त्यांनी साऱ्या रांगोळ्या पाहिल्या, वही मिटली आणि विचारले, "अग्निशमन दलाच्या दारापुढे सगळ्यात मोठी कधी काढता येईल?"

* * *

दसरा आला. वाहनपूजेसाठी मंडळातल्या सहा जणांच्या गाड्या शिरीषच्या अंगणात आणि समोरच्या रस्त्यावर लागल्या. माझ्याकडे हळदीची वाटी, कुंकू, अक्षता, झेंडूची फुले.

आता मोटारीचे कपाळ कुठले? गावाकडे मी बैलगाड्यांची, ट्रॅक्टरांची पूजा केली होती, पण या गाड्यांचे नाक कुठे आणि कपाळ कुठे हे उमजत नव्हते. पाहता पाहता एक गोष्ट ध्यानात आली. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात एकाच जागी एक सुबक वर्तुळ होते. इराने सांगितलेले ते हिरवे प्लाकेट; मला वाटले, गाडीला वेशीत घेते तेच तिचे कपाळ. मी त्या वर्तुळावर बाहेरून हळदीचा जाड लेप दिला, अगदी काठोकाठ. मध्ये कुंकवाचा ठिपका. सहाही गाड्यांना. काम इतके नीट झाले की एका थेंबाचाही ओघळ नव्हता.

सोमवारी दुपारी शिरीषचा फोन.

"आबा, तुम्ही गाड्यांना काय लावलंत?"

"हळद. का रे?"

"आम्ही सहाही जण दंडाच्या चिठ्ठ्या घेऊन उभे आहोत."

मला नंतर कळले की पिवळे प्लाकेटही असते. ते थोड्या जास्त धुराच्या गाड्यांचे; ते लावून या हद्दीत येता येत नाही. शहराच्या ऑर्डनुंग्सआम्टच्या, म्हणजे नियम पाळले जातात की नाही हे पाहणाऱ्या खात्याच्या, फ्राउ क्राउझे नावाच्या बाईंनी एकाच वाहनतळावर सहा पिवळी प्लाकेटे पाहिली होती, आणि तीही मध्ये लाल शिक्का असलेली.

शिरीषने त्यांच्यादेखत रुमाल ओला करून अर्धे वर्तुळ पुसले. अर्धे हिरवे, अर्धे पिवळे. फ्राउ क्राउझेंनी बोटाने उरलेली हळद उचलली, वास घेतला आणि चिठ्ठ्या परत मागितल्या.

म्हणाल्या, "पिवळ्याला हिरवा रंग देणारे पुष्कळ पाहिले. हिरव्याला पिवळा देणारे तुम्ही पहिलेच."

* * *

आमचे पखवाजवादक केदार यांनी दिवाळीपूर्वी विजेवर चालणारी गाडी घेतली. धूर नाही, आवाज नाही, आणि केदारांना तिच्याविषयी बोलायला सुरुवात करून दिली की ब्रेकही नाही. त्या शनिवारच्या भजनाची सारी खिचडी त्यांच्याकडे होती. ते वरच्या गावात राहतात. बोलण्याच्या नादात की थंडीमुळे, देव जाणे, गाडीतली वीज आमच्या गावाच्या तोंडाशी संपली.

मी आणि इरा ब्योमबुवांच्या अंगणात होतो, तोच केदारांचा फोन. बुवांची गाडी पुलापर्यंतच जाऊ शकत होती, पण गावात तर तिला कोणी अडवत नव्हते. बुवा इतके आनंदले की टोपी उलटी घातली. जाऊन पाहतो तो केदार रस्त्याच्या कडेला उभे, डोक्याला हात लावून.

बुवांनी मागून जाडजूड तागाचा दोर काढला. नवा कोरा.

केदार दचकले. "नको, नको. हिला ओढायचं नसतं. पुस्तिकेत लिहिलंय, मोटर बिघडते."

बुवांनी इराकडून अर्थ समजून घेतला. दोराकडे पाहिले, त्या चकचकीत गाडीकडे पाहिले.

"म्हणजे ही चालत नाही आणि ओढायचीही नाही," ते म्हणाले. "आणि बंदी माझ्या गाडीवर."

खिचडीची पातेली, पखवाज आणि केदार अशा क्रमाने सारे बुवांच्या गाडीत चढले. पुलापलीकडच्या पाटीशी गाडी थांबली. पुढची सहाशे पावले केदार पातेले डोक्यावर घेऊन चालत आले. त्या दिवशी भजनात त्यांनी पखवाज फार सुंदर वाजवला. अहंकार उतरला की बोटे मोकळी होतात, हे संत सांगत आले आहेत. त्याला खिचडीचे पातेलेही चालते, एवढे मला नव्याने कळले.

दोर तसाच घडी घालून गाडीत परत गेला.

* * *

हसता हसता एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच मनात सलत होती. ब्योमबुवा भजनाला येईनासे झाले होते. पायी या म्हटले, तर म्हणाले, "मी सारथी आहे. पाहुणा म्हणून काय येऊ?"

त्यांची मुलगी हायडेलबर्गला असते; तिचे नाव झाबीने. तिचे म्हणणे चुकीचे नव्हते. गाडी आता शहरात जात नाही, दवाखाना शहरात, बाजार शहरात. मग गाडी विकून टाका आणि माझ्याजवळ राहायला या. तिने गिऱ्हाईकही पाहिले होते. कार्तिकी एकादशीच्या नंतरच्या सोमवारी ते गाडी न्यायला येणार होते.

बुवांनी हे मला देव्हाऱ्याला मेणाचा हात देता देता सांगितले. "हायडेलबर्ग सुंदर आहे," ते म्हणाले. मग बराच वेळ एकाच खांबावर फडके फिरवीत राहिले. "तिथे टाळ कोणाबरोबर वाजवू, हेर आबा?"

इराने हे वाक्य भाषांतरित केले नाही. 'टाळ' आणि 'हेर आबा' एवढ्यावरून मला ते कळले होते.

मी ठरवले, निदान कार्तिकीला देव बुवांच्याच गाडीतून जाईल. खास कारण असेल तर शहर एका दिवसापुरती सवलत देते, असे शिरीष म्हणाला. इराला घेऊन मी अर्ज भरायला बसलो.

"प्रवासी किती?" इराने वाचले.

"दोन. विठ्ठल आणि रखुमाई."

"आबा."

"मग काय खोटं लिहू?"

तिने निमूटपणे लिहिले. पुढे एक रकाना होता: प्रवाशाला स्वतःहून उभे राहता किंवा चालता येत नसेल तर सवलत मिळू शकते.

इथे मी अडलो. शिरीष म्हणाला, "आबा, मूर्ती आहे. चालता येत नाही असं लिहा ना, काम होईल."

"अरे, उभं राहणं हीच ज्याची ओळख, त्याला उभं राहता येत नाही असं मी लिहून देऊ? विटेवर किती युगं झाली, तो एकदा तरी बसला का?"

शेवटी सत्य तेच लिहिले: उभे राहता येते, भक्ताने बोलावले तर चालताही येते.

उत्तर आठ दिवसांत आले. अतिशय नम्र भाषेत नकार होता. शेवटची ओळ अशी: 'प्रवासी उभे राहू शकतात आणि बोलावल्यास चालू शकतात, असे आपणच नमूद केले असल्याने, त्यांनी बसने प्रवास करावा.'

* * *

आता शेवटचा किस्सा.

नकाराचे पत्र आले त्या संध्याकाळी मंडळ आमच्याकडे जमले. भाड्याने दुसरी गाडी आणू, असे शिरीष म्हणाला. देव्हारा मावेल अशी मिळते. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि कोणीच कोणाकडे पाहिले नाही. भाड्याची गाडी आली की बुवांची गरज संपली. मग सोमवारी गाडी जाणार आणि गाडीपाठोपाठ बुवा.

मी विचारले, "शिरीष, धूर कशातून निघतो?"

"इंजिनातून, आबा."

"इंजिन बंद असेल तर?"

"तर गाडी चालणार नाही."

"आमच्या गावचा कार्तिकीचा रथ," मी म्हणालो, "त्याला कुठलं इंजिन होतं?"

 मग अठ्ठावीस इंजिनिअर एकदम बोलू लागले. गाडीचे वजन, देव्हाऱ्याचे वजन, रस्त्याचा चढ-उतार. किल्ली अर्धी फिरवून ठेवावी लागेल, नाहीतर चाक वळणार नाही. ब्रेक? इंजिन बंद असले की ब्रेकचा पेडल दगडासारखा होतो, उतारावर बुवांच्या पायाला झेपायचा नाही. इथे सगळे अडले. केदारांनी तर कागदावर आकडेमोड मांडली.

मी म्हणालो, "मोगरी."

खानदेशात ज्याने रथ पाहिला आहे त्याला सांगायला नको. रथाला ब्रेक नसतो. चाकाबरोबर मोगरीवाले चालतात, हातात लाकडी पाचर. रथ पळू लागला की ती चाकाखाली सरकवायची; वळवायचा असला की एका बाजूला लावायची. तरुणपणी सात वर्षे उजव्या चाकाची मोगरी माझ्याकडे होती. बोटे शाबूत आहेत, यावरून हात कसा होता ते ओळखावे.

ब्योमबुवांना चित्र काढून दाखवले. त्यांनी चष्मा लावला, कोन पाहिला, आणि दुसऱ्या दिवशी बीच वृक्षाच्या दोन मोगऱ्या तासून आणल्या. धरायला लांब दांडे. आमच्या गावच्या सुतारानेही इतक्या सुरेख केल्या नसत्या.

कार्तिकीच्या शनिवारी धुके होते. बुवांनी गाडी आपल्या शक्तीने पुलापलीकडच्या पाटीपर्यंत आणली आणि इंजिन बंद केले. मी काचेला हळद-कुंकू लावले. मागची दोन्ही दारे उघडली. आत देव्हारा, देव्हाऱ्यात समया, समयांच्या उजेडात विठ्ठल-रखुमाई. पुढे तागाचा दोर बांधला, उतारासाठी मागे दुसरा. रांगोळीच्या वर्गातल्या सातही बाया पाटीपलीकडे रस्ताभर ठिपके देऊन बसल्या होत्या.

तेवढ्यात झाबीने आली. ती वडिलांच्या सामानाची बांधाबांध करायला आली होती. पदपथावर उभी राहून ती नुसती पाहत राहिली. बुवा सारथ्याच्या जागी ताठ बसले होते, डोक्याला आमच्या सौभाग्यवतींनी बांधलेला फेटा.

नामाचा गजर झाला, दोर ताणला गेला, आणि गाडीने पाटी ओलांडली.

शंभर पावलेही झाली नसतील तो समोर फ्राउ क्राउझे. हात वर. सारे थांबले. त्यांनी गाडीला एक फेरी मारली. नकळत उजवीकडून मारली, म्हणजे प्रदक्षिणाच घडली. धुराड्याशी वाकून हात लावला. मग साहेबांना फोन केला. इरा माझ्या कानात सांगत होती.

"हो, गाडी हद्दीत आहे. नाही, इंजिन बंद आहे. कशावर चालते?" बाईंनी दोराकडे पाहिले. "साधारण तीस माणसांवर. हो, सगळे श्वास घेतात. बाहेरही सोडतात." पलीकडून काहीतरी विचारले गेले. बाई काचेशी वाकल्या. "प्लाकेट? नाही, काहीच नाही. पिवळं दिसतंय, पण ती हळद आहे. मला ओळखता येते."

फोन बराच वेळ चालला. शेवटी त्यांनी वही काढली, चिठ्ठी लिहिली आणि काचेच्या पुसणीखाली खोचली. मग पुढे होऊन समोरून येणाऱ्या गाड्या थांबवू लागल्या.

उतार लागला. मी उजव्या चाकाशी होतो. डाव्या चाकाची मोगरी शिरीषने घ्यायची असे ठरले होते, पण गाडी वेग घेऊ लागली तसे सगळे मागच्या दोराला लटकले आणि शिरीष त्यांच्यात अडकला. गाडी डावीकडे झुकू लागली. मी ओरडलो, "मोगरी! डावी मोगरी!" मराठी कळणारे सारे मागच्या दोराला गुंतलेले, ऐकणार कोण?

डावीकडून लाकूड रस्त्याला घासल्याचा आवाज आला, आणि गाडी सरळ झाली.

वाकून पाहिले, तर पलीकडच्या चाकाशी झाबीने. दांडा दोन्ही हातांनी, कोपर अंगाशी, पाचर नेमकी हवी तेवढीच सरकवलेली. सुताराची मुलगी. लहानपणी वडिलांच्या कारखान्यात किती पाचरी धरल्या असतील, तिलाच ठाऊक. सभागृहापर्यंत ती माझ्या बरोबरीने चालली. मी मान हलवली की ती लावी, हात उचलला की काढी. आमच्यामध्ये एकही भाषा नव्हती.

भजन झाले, आरती झाली. बुवांनी फ्राउ क्राउझेंची चिठ्ठी न उघडताच देवापुढे ठेवली होती. इराने ती वाचली. ठरीव रकाने होते. धूर: नाही. आवाज: पुष्कळ. शेरा: चढावर अधिक माणसे लागतील.

तसेच झाले. परतीच्या चढाला सभागृहाचे पाद्री, बसथांब्यावरची माणसे आणि ड्युटी संपलेल्या फ्राउ क्राउझे, सारे दोराला होते. गाडी पूल ओलांडून बुवांच्या अंगणात, तिच्या नेहमीच्या जागी आली. झाबीनेने डावीकडून शेवटची मोगरी लावली. मग ती काढायला वाकली.

मी तिचा हात अडवला. आमच्या गावचा दंडक आहे: रथ घरी आला की शेवटची मोगरी लावलेली राहते. ती काढत नाहीत. इराने तिला समजावले. झाबीनेने आपल्या वडिलांकडे पाहिले. फेटा कानावर आलेला, हातात टाळ, आणि ते गाडीला टेकून केदारांना बीचच्या लाकडाविषयी काहीतरी सांगत होते.

तिने खिशातून फोन काढला आणि गिऱ्हाईकाला लावला.

"सोमवारी येऊ नका," ती म्हणाली. "गाडीच्या चाकाखाली पाचर आहे."

पलीकडून काहीतरी विचारले गेले. तिने फोनवर हात ठेवला आणि इराला विचारले. इराने मला विचारले; आणि त्या दिवशी, पहिल्यांदाच, मराठीत विचारले.

"आबा, मोगरी कधी काढतात?"

"पुढच्या कार्तिकीला," मी सांगितले.

झाबीनेने फोन पुन्हा कानाला लावला. "पुढच्या नोव्हेंबरात फोन करा," ती म्हणाली. "पण तेव्हा आम्हालाच लागणार आहे."